वर्ध्याचं ऊन खरं, जाड ऑइलचा इलाज खोटा

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की वर्धा जिल्ह्यातल्या गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो. गाडीचं बॉनेट उघडं असतं, जुनं ऑइल खाली ठेवलेल्या घमेल्यात गळत असतं आणि मिस्त्री मालकाला म्हणतो, "भाऊ, कंपनीचं ते पाण्यासारखं ऑइल आपल्या उन्हात टिकत नाही. वीस-पन्नास टाका, मग बघा इंजिन कसं राहते ते." वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५०, बाजारात सहज मिळणारं दाट ऑइल. आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट, कुठेही जा, हाच सल्ला. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. तो इतक्या वर्षांपासून, इतक्या जणांनी दिला आहे की आता त्याला अनुभवाचा मान मिळाला आहे. तरीही तो चुकीचा आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या गाड्यांच्या बाबतीत तर इंजिनाचं नुकसान करणारा आहे.

सल्ल्यामागचा विचार सरळ दिसतो. ऊन जास्त, म्हणून इंजिन जास्त तापणार. इंजिन तापलं की ऑइल पातळ होणार. म्हणून मुळातच जाड ऑइल घ्यावं. ऐकायला पटतं. पण पहिल्याच पायरीवर घोळ आहे.

आधी डब्यावरचे आकडे पाहू. ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते. अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे३०० प्रमाणकानुसार १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असावं लागतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. थंडीची चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूसाठी उणे १५ला. इथे वर्धेकर विचारतो, "आपल्याकडे उणे तीस कुठून आणायचं? मग तो पहिला आकडा आपल्या काय कामाचा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

बाजारातल्या नेहमीच्या ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक असतो. इंजिन पूर्ण तापलं की तो १०-११वर येतो, आणि इंजिनाची बेअरिंगं, पंप, पिस्टन रिंगा या सगळ्यांचा हिशेब त्या १०-११वर बांधलेला असतो. आता दुपारी तीनची वेळ घ्या. ४६ अंशांच्या उन्हात बजाज चौकात उभी असलेली गाडी चावी फिरवून सुरू केली, तर त्या क्षणी चेंबरमधलं ५डब्ल्यू-३० ऑइल इंजिनाला हव्या असलेल्या दाटपणाच्या चौपटीहून जास्त दाट असतं. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात कडक दुपारीसुद्धा ऑइलच्या दृष्टीनं इंजिन थंडच असतं. २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांना दीडशे सेंटीस्टोकच्या पुढे असतं. त्याच दुपारी ते हव्या त्या दाटपणाच्या दहापट. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सेलू-कारंजाकडे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तर ते मधासारखं हलतं. इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा सुरू होतानाच्या आणि गरम होईपर्यंतच्या या वेळात पडतो. "पातळ होतं" ही भीती ज्या ऑइलबद्दल घातली जाते, ते ऑइल सुरुवातीला वर्ध्यातही गरजेपेक्षा जाडच असतं.

मग चालता चालता काय होतं? कारचं इंजिन बाहेरच्या हवेवर थंड होत नाही, कूलंटवर होतं. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, त्यापुढे रेडिएटर आणि पंखा तापमान तिथंच धरून ठेवतात. बाहेर महाबळेश्वरची थंड हवा असो की वर्ध्याचा मे महिना, कूलंट नव्वदच्या आसपासच राहतं आणि ऑइल त्याच्या थोडं वर. बाहेरच्या हवेतला २५-३० अंशांचा फरक ऑइलपर्यंत पोचता पोचता बराचसा विरून जातो. एअर-कूल्ड बाइकचं तसं नाही. तिथे हवा जितकी गरम तितकं इंजिन गरम, मध्ये थर्मोस्टॅट नाही. बुलेटला १५डब्ल्यू-५० सांगितलं जातं ते उगाच नव्हे. दुचाकीवर हात बसलेल्या माणसानं तोच नियम कारला लावला तर त्याचं नवल नाही, पण नियम त्या इंजिनाचा होता, या इंजिनाचा नाही.

जाड ऑइलचा आग्रह आला कुठून, हेही पाहायला हवं, कारण एके काळी तो अगदी बरोबर होता. अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, महिंद्राची जीप या गाड्यांच्या इंजिनांत भागांमधल्या फटी मोठ्या होत्या, सील सैल होते आणि ऑइल गळणं हा दोष मानलाच जात नसे. अशा इंजिनात पातळ ऑइल टाकलं तर ते फटीतून निसटायचं, दाब पडायचा, धूर निघायचा. खुद्द २०डब्ल्यू-५० ब्रिटनमध्ये साठच्या दशकात रूढ झालं ते बीएमसी या मोटर कंपनीच्या मिनीसारख्या गाड्यांच्या जोरावर: मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालत आणि गिअरचे दात ऑइलला चिरडून पातळ करत. आपल्या अँबॅसॅडरमध्ये त्याच बीएमसी घराण्याचं इंजिन होतं. ज्या मिस्त्रींनी ही इंजिनं रिबोर करण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यांनी शिकलेली गोष्ट खोटी नव्हती. अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. सल्ला मात्र थांबला नाही, तो पुढच्या पिढीच्या गाडीवर जसाच्या तसा चढवला गेला.

ही पुढची पिढी वेगळी आहे. मारुतीच्या अलीकडच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. होंडाच्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०. टाटा, ह्युंदाईच्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० दिसतं. या इंजिनांत ऑइल नुसतं वंगण नसतं. व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर फिरते, टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर ताणला जातो आणि त्या सगळ्याकडे जाणारे मार्ग अरुंद असतात. जाड ऑइल तिथं उशिरा पोचतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही सेकंद चेनची खडखड ऐकू येते, तिला बऱ्याचदा एवढंच कारण पुरतं. फिल्टरमधूनही घट्ट ऑइल नीट जात नाही. मग फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात फिरतं.

"पण जाड ऑइल टाकलं की प्रेशर वाढतं, हे तर मीटरवर दिसतं ना?" असंही म्हटलं जातं. दिसतं, आणि खरंही आहे. शेतात पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की दाब वाढतो, पाणी मात्र कमीच येतं. बेअरिंगला दाबाचा आकडा नको असतो, त्याला सतत वाहणारं ऑइल हवं असतं, कारण वंगणाइतकंच उष्णता वाहून नेण्याचं कामही तेच करतं. इंजिन थंड राहावं म्हणून टाकलेलं जाड ऑइल घर्षणानं स्वतःच जास्त उष्णता तयार करतं आणि ती हळू बाहेर काढतं. वर मायलेज दोन-तीन टक्क्यांनी घटतं ते वेगळंच.

इथवरचं ऐकून जाणता माणूस एक वजनदार आक्षेप घेतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो म्हणतो, कंपन्या पातळ ऑइल सांगतात ते इंजिनाच्या आयुष्यासाठी नव्हे, सरकारच्या नियमांसाठी. भारतात गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर २०१७-१८ पासून किलोमीटरमागे १३० ग्रॅमची मर्यादा आली आणि २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आली. पातळ ऑइलनं दोन टक्के इंधन वाचतं, म्हणून ते पुढे केलं जातं. झीज झाली तर ती ग्राहकाच्या माथी. यातला पहिला भाग खरा आहे. पातळ ऑइलकडे वळण्याचं मुख्य कारण इंधन बचतच आहे. आक्षेप घेणाऱ्याच्या हातात अलीकडचा एक दाखलाही आहे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत ६.२ लिटरच्या व्ही८ इंजिनाच्या सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि तपासणीत निर्दोष ठरलेल्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०च्या जागी ०डब्ल्यू-४० भरायला लावलं. म्हणजे जाड ऑइल सुरक्षित, हे कंपनीनंच कबूल केलं, असा निष्कर्ष काढला जातो.

तो निष्कर्ष टिकत नाही. त्या इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या निर्मितीत दोष होते आणि वाढीव ग्रेड हा त्या दोषावरचा उतारा होता. ग्रेड बदलताना कंपनीनं त्याच इंजिनाचा अभ्यास केला, ऑइलच्या झाकणावरचा आकडा बदलला आणि पुस्तिकेतही तशी दुरुस्ती दिली. शिवाय बदलला तो शेवटचा आकडा. पहिला शून्यच ठेवला, कारण सुरू होताना ऑइल लगेच पोचायला हवं हे त्यांनाही सोडता आलं नाही. ०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० यांना "जाड" या एकाच खणात टाकणारा माणूस या उदाहरणातला अर्धाच भाग वाचतो. इंधन बचत हा हेतू असला तरी त्या हेतूसाठी पंप, बेअरिंगचे लेप, रिंगांचा ताण, फटी हे सगळं पातळ ऑइल धरूनच बनवलं गेलं आहे. सरकारी नियमावर राग असला तर तो व्यक्त करायला जागा आहेत. चेंबर ही ती जागा नव्हे.

उष्णतेचा विचार कंपनीनं केलेलाच नसतो, हेही खरं नाही. गाडीसोबत येणारी पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. ती काढावी. अनेक पुस्तिकांत तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असतो, त्यात कोणत्या हवामानात कोणती ग्रेड चालते ते दाखवलेलं असतं. टोयोटाच्या कित्येक पुस्तिकांत तर स्पष्ट म्हटलेलं असतं की सतत वेगानं किंवा फार ओझं घेऊन गाडी चालवायची असेल तर जास्त दाटपणाचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. वर्ध्याच्या माणसासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण समृद्धी महामार्ग त्याच्या दारातून जातो. येळाकेळी किंवा विरूळला चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, काँक्रीटचा रस्ता आहे, आणि तासन् तास इंजिनाला उसंत नाही. अशा वेळी ऑइल ११०-१२० अंशांपर्यंत जाऊ शकतं. तिथे कामाला येतो तो १५० अंशांना, प्रचंड घर्षणाखाली मोजलेला दाटपणा; जे३०० प्रमाणकात २० ग्रेडला तो किमान २.६ आणि ३० ग्रेडला किमान २.९ ठरवलेला आहे. म्हणून टर्बो पेट्रोल गाडी घेऊन दर आठवड्याला समृद्धीनं जाणाऱ्यानं, पुस्तिकेत दोन ग्रेड दिल्या असतील तर त्यातली वरची घ्यावी. हा सल्ला योग्य आहे. पण तो पुस्तिकेच्या हद्दीतला आहे, एका पायरीचा आहे. तिथून थेट २०डब्ल्यू-५०वर उडी मारायला त्यात कुठेही आधार नाही.

समृद्धीवर चढण्याआधी ग्रेडपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑइल आहे किती. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून मग पाहावी. खालच्या आणि वरच्या खुणेत अनेक गाड्यांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर. म्हणजे पातळी खालच्या खुणेवर आली तर जवळजवळ तिसरा हिस्सा संपलेला असतो आणि उरलेलं ऑइल तेवढं जास्त वेळा फिरून, जास्त तापून काम करतं. लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहणाऱ्याला कोणतीही ग्रेड वाचवत नाही.

उन्हाळ्यात गाडी खरोखर तापते तेव्हा दोष बहुधा रेडिएटरकडे असतो, आणि जाड ऑइलच्या सल्ल्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं: तो खऱ्या जागेवरून लक्ष उडवतो. जिल्ह्यात कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतण्याची सवय आहे. ते पाणी जड असतं, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये थर धरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. साधं पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. योग्य प्रमाणातलं कूलंट झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास जाऊनही उकळत नाही. त्यात रेडिएटरच्या पुढच्या जाळीत धूळ, किडे, गवताचं बी अडकलेलं असतं. मे महिन्यात एसी लावून गर्दीत उभ्या गाडीचा काटा वर चढला, तर ती जाळी, पंखा, थर्मोस्टॅट आणि कूलंट तपासायचं सोडून ऑइल बदलणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

शेतकऱ्यांच्या घरात आणखी एक प्रकार चालतो. ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ऑइल घरात असतंच. ते कारलाही टाकलं जातं. डिझेल ऑइल आहे, दणकट आहे, मग कारला काय धाड भरते, असा विचार. धाड भरते ती सायलेन्सरच्या वाटेवर. डिझेलच्या जुन्या श्रेणींच्या ऑइलमध्ये झीज रोखणारी जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्यं जास्त असतात. पेट्रोल गाड्यांच्या ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० अशा ऑइलमध्ये एपीआय या संस्थेच्या एसपी श्रेणीनुसार फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही, कारण जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करतो. कन्व्हर्टर बदलायचा खर्च ऑइलच्या किती डब्यांएवढा होतो, हे ज्याच्यावर ती पाळी आली त्याला विचारावं.

म्हणून डब्यावर ग्रेडइतकीच श्रेणीही वाचायला हवी. डब्याच्या मागे एपीआयचं गोल चिन्ह असतं: वरच्या कमानीत श्रेणी, मधोमध ग्रेड. एसपी श्रेणी मे २०२० मध्ये आली. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो, तो रोखण्याची आणि टायमिंग चेनची झीज अडवण्याची चाचणी या श्रेणीत आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. अडकलेली काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती कायमची साचते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं, पुस्तिकेत नाव घेऊन सांगितलेलं ऑइलच लागतं. जुन्या बोलेरोला चालणारं ऑइल नव्या डिझेल एसयूव्हीत ओतणारा माणूस डीपीएफचं आयुष्य स्वतःच्या हातानं कमी करतो. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं "सिंथेटिक" या बाबतीत काहीच सांगत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्या वादात खनिज तेलावर खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून तो शब्द दर्जाचा पुरावा राहिलेला नाही.

जुन्या गाडीची गोष्ट थोडी निराळी. दोन लाख किलोमीटर झालेलं, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिणारं इंजिन एक ग्रेड वर नेल्यानं ऑइल कमी पितं, हा मिस्त्रींचा अनुभव खरा आहे. इंजिन खोलायला पैसे नसलेल्या माणसानं काही काळ तसं केलं तर त्याला कुणी दोष देऊ नये. फक्त सकाळी निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील एकदा तपासून घ्यावेत. ते बदलणं इंजिन बांधण्याच्या मानानं स्वस्तात होतं, आणि दोष तिथेच असेल तर जाड ऑइल तो फक्त झाकतं.

वर्धा शहरातल्या गाड्यांना खरा त्रास आहे तो छोट्या फेऱ्यांचा. घरून सेवाग्रामला, तिथून बाजारात, पुन्हा घरी. इंजिन धड तापत नाही तोच बंद. न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, ती उडून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि काही महिन्यांनी ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते. पुस्तिकांत अशा वापराला कठीण वापर म्हटलेलं असतं, धुळीच्या रस्त्यांनाही, आणि त्यासाठी ऑइल बदलण्याचा कालावधी कमी करायला सांगितलेलं असतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, हे वाक्य आपल्याकडे अर्धंच पाळलं जातं. वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणारी गाडी दोन-अडीच वर्षं त्याच ऑइलवर चालते. तिथे जाड-पातळचा वाद करण्यात अर्थच उरत नाही.

बनावट मालाचीही धास्ती हवी. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत सुटं ऑइल भरून विकणं हा जुना धंदा आहे. म्हणून पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावं, झाकणाखालचं सील आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि भरून झाल्यावर रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडूनच तो तिथं सोडावा. निघालेलं काळं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू देऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवा.

ज्यांच्या नव्या गाडीत वीस-पन्नास आधीच पडलं आहे, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता ते काढून टाकावं, फिल्टर नवा घालावा आणि पुस्तिकेतली ग्रेड भरावी. जुनं ऑइल काढताना "आत जरा डिझेल फिरवून धुऊन घेऊ" असं कुणी म्हटलं तर ते करू देऊ नये. चेंबरमध्ये राहिलेलं थोडंसं डिझेलही नव्या ऑइलला पातळ करतं. जुनं ऑइल थोडं आत राहिलंच तर ते नव्यात मिसळल्यानं काही बिघडत नाही, एकाच श्रेणीची ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. चेंबरचा प्लग बसवण्याआधी वॉशर नवा आहे ना, एवढं मात्र वाकून पाहावं.